संडेची प्लेलिस्ट

शुक्रवारची संध्याकाळ, साडेसात वाजलेले. लातुरात ही काही शांत बसायची वेळ नाही. ट्यूशन एरियात क्लासेस सुटलेले असतात आणि रस्त्यावर सायकली, स्कुट्या आणि पाठीवरच्या दप्तरांचा पूर आलेला असतो. अशात मैत्रिणीचा मेसेज आला. ‘संडेसाठी पाच गाणी हवीत. डोकं बंद पडलंय. ये ना प्लीज!’

आता मला कुणी हळदीसाठी गाणी काढायला सांगितली तर मी डोळे झाकून काढीन. संगीत, बर्थडे, ऑफिसची ट्रिप… नो टेन्शन! पण चर्चसाठी? माझा आणि चर्चचा संबंध नाताळचा केक आणि एका कलीगचं लग्न, एवढाच. तरी गेले. एक तर ती शाळेपासूनची मैत्रीण. दुसरं म्हणजे, लहानपणी गल्लीतल्या भजनी मंडळात मी पेटी वाजवायचे, हे तिने तिकडे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. म्हणजे नाही म्हणायची सोयच नव्हती!

ती दिवसभर बँकेत लोनच्या फायली बघते आणि शुक्रवारी रात्री चर्चच्या गायनमंडळाची प्रॅक्टिस घेते. मागच्या खोलीत पोहोचले तर तिथे भांडण रंगात आलेलं. कीबोर्डवर इंजिनिअरिंगचा एक पोरगा. गिटारवर एक आयटीवाला, पुण्याहून वर्क फ्रॉम होम घेऊन परत आलेला. आणि कोपऱ्यात तबल्यावर एक रिटायर्ड मास्तर, सगळ्यांचे काका.

‘काका, ते गाणं खूप स्लो आहे हो. पोरं मोबाइल काढतात.’

‘अन् तुमचं ते हिंदी सुरू झालं की म्हाताऱ्या बाया नुसत्या बघत बसतात, त्याचं काय? त्यांनी काय पिक्चर बघाय यायचं का चर्चला?’

मैत्रीण माझ्याकडे बघून हसली. ‘दर शुक्रवारी हेच असतं. वेलकम!’

पाच गाणी, पाच कामं

मला वाटायचं, चर्चमध्ये गाणी म्हणजे आवडीचा मामला. जे छान वाटेल ते गायचं. तसं अजिबात नाहीये! तिने वहीत आखलेला तक्ताच दाखवला. सुरुवातीला स्तुतीचं गीत, कारण लोक अजून बाहेरचं ट्रॅफिक डोक्यात घेऊन आलेले असतात, त्यांना आत आणायचं असतं. मग पापकबुलीच्या जवळचं शांत गीत. उपदेशाआधी त्या दिवशीच्या बायबलमधल्या भागाशी जुळणारं. दान गोळा होताना एक. आणि शेवटी घरी जाताना ओठांवर राहील असं एक. प्रभुभोजन असेल त्या रविवारी हिशोब पुन्हा वेगळा.

वर कॅलेंडर असतंच. नाताळाआधीचे चार रविवार वाट बघण्याचे, तेव्हा लगेच नाताळची धमाल सुरू करायची नाही. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे. कित्येक चर्चमध्ये त्या काळात ‘हालेलुया’ हा शब्दसुद्धा बाजूला ठेवतात आणि ईस्टरच्या पहाटे तो परत येतो. विचार करा, एक शब्द चाळीस दिवस जपून ठेवायचा! आपल्या शफल मोडवाल्या पिढीला हा फंडा झेपणं जरा कठीणच.

आणि हे सगळं सांभाळून प्रश्न उरतो तो उरतोच. गाणं कुणाचं घ्यायचं? काकांचं की गिटारवाल्याचं?

भांडण पाचशे वर्षांचं

तुम्हाला वाटेल, ही आजकालच्या पोरांची नाटकं. नाही हो! जर्मनीत मार्टिन ल्यूथरच्या काळात प्रार्थना लॅटिनमध्ये चालायची आणि गायची जबाबदारी मुख्यतः गायकवृंदाची. लोक उभे राहून ऐकायचे. ल्यूथरने लोकांच्या जर्मन भाषेत गीतं लिहिली. १५२४ साली जर्मन गीतांचं एक छोटं पुस्तक निघालं, फक्त आठ गीतांचं. आज आपल्या मोबाइलमध्ये एका फोल्डरला तेवढी गाणी असतात. पण त्यातून अख्ख्या मंडळीचा गळा मोकळा झाला. कॅथलिक चर्चला लोकभाषेत उपासना करायची रीतसर मोकळीक द्यायला १९६३ साल उजाडलं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

गिटारचं म्हणाल तर ‘सायलेंट नाइट’ हे जगातलं सगळ्यांत गाजलेलं नाताळगीत ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारवरच. हे मी बोलून दाखवलं तेव्हा आमच्या आयटीवाल्याची कॉलर एकदम ताठ!

पण काकांकडेही हुकमाचा एक्का होता. ‘टिळक माहितीयेत का तुला?’

मी म्हटलं, ‘लोकमान्य?’

‘दुसरे.’

दुसरे टिळक

दुसरे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ घोकलं असेल ना? तेच. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मग अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हे त्यांच्या कामाचं गाव झालं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणजे ‘स्मृतिचित्रे’वाल्या. शाळेचं तोंड जवळजवळ न पाहिलेल्या या बाईने नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे पुरं केलं. सॉलिड ना?

टिळकांच्या आधी मराठी चर्चमध्ये मोठा भाग होता तो इंग्रजी गीतांच्या भाषांतरांचा. मिशनरी चाली घेऊन आले, शब्द मराठीत बसवले. आता यात नेमकी अडचण काय, हे मला त्या खोलीत पेटीवर बसल्यावर कळलं. ‘अमेझिंग ग्रेस’ची चाल घ्या. पहिलं अक्षर हलकं, ठेका दुसऱ्यावर पडतो. इंग्रजीला ते शोभतं. मराठी शब्द मात्र बहुतेक वेळा पहिल्याच अक्षरावर पाय रोवून उभा राहतो. त्याला त्या चालीत बसवलं की शब्दाचं डोकं एका मात्रेत आणि धड दुसऱ्या मात्रेत! गाता येतं, पण जिभेला सारखी ठेच लागते.

टिळकांनी हे ओळखलं. तुकोबा तर त्यांचे लाडकेच. त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, पदं लिहिली, कीर्तनं केली. नगरकडे त्यांच्याआधी कृष्णराव सांगळे यांच्यासारखे गीतकार आणि कीर्तनकार ही वाट तुडवत होतेच. टिळकांनी तिचा रस्ता केला. शंभराहून जास्त गीतं त्यांनी लिहिली आणि मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये घराघरांत असणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आजही त्यांचं नाव पानोपानी दिसतं.

अभंगाचं गणित बघा, एकदम सोपं आहे. मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा, चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. म्हणजे दुसरा चरण ऐकला की तिसऱ्याचा शेवट कानाला आधीच कळायला लागतो. शेवटचा चरण आखूड, श्वास घ्यायला जागा. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी धरायचं. पुस्तक नको, प्रोजेक्टर नको आणि लिहिता-वाचता आलं नाही तरी चालतं. ‘अमेझिंग ग्रेस’चा छंदही मोजून मापूनच, आठ-सहा, आठ-सहा. ते इंग्रजी कानाचं पाठांतर, हे आपलं.

आणि टिळकही पहिले नव्हेत बरं का! थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट गोव्यात आला आणि त्याने मराठी ओवीत अख्खं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते राचोलला छापलं गेलं १६१६ साली. शिवरायांच्या जन्माच्याही आधी! त्यामुळे मराठी ख्रिस्ती गाणं म्हणजे काहीतरी बाहेरून आणलेलं, असं कुणी म्हणालं तर त्याला ही तारीख सांगा. जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारच्या उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, हेही सांगा.

चहावरची गोष्ट

त्या रात्री नऊ वाजता प्रॅक्टिस तशीच सोडून आम्ही दोघी गंजगोलाईजवळ चहाला थांबलो. मी सहज म्हटलं, ‘तू नेमकी कुणाच्या बाजूने आहेस? काकांच्या की पोरांच्या?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आजीचं तुला सांगितलंच नाही मी.’

आजी तिची उदगीरकडची. शाळेत कधी गेली नाही. पण चर्चची गीतं, ती सगळी, पाठ. गीतपुस्तकातले नंबरसुद्धा पाठ! पाळकसाहेबांनी नंबर सांगितला की पुस्तक उघडणाऱ्यांच्या आधी आजीचा सूर लागायचा. भाकरी थापताना, ज्वारी निवडताना, नातवंडांना झोपवताना तीच गाणी.

मागच्या पावसाळ्यात आजीला दवाखान्यात ठेवलं होतं. शेवटचे दिवस होते, सगळ्यांना कळलं होतं. एका रात्री ही जवळ बसली होती. आजी म्हणाली, ‘माझं ते म्हण की गं.’

कुठलं ते हिला पक्कं माहीत होतं. सुरू केलं. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याची पहिली ओळ आली आणि पुढे… काहीच नाही. मोबाइल काढला. आत रेंज नव्हती. चर्चच्या स्लाइड्स फोनमध्ये होत्या, त्यात शोधलं. नव्हतं. आणि का नव्हतं, तर तीन वर्षांपूर्वी हिनेच ते लिस्टमधून काढलं होतं. ‘स्लो आहे’ म्हणून.

‘मग?’

‘मग आजीच म्हणायला लागली. आवाज नव्हताच, नुसते ओठ हलत होते. मी ओठांकडं बघून एकेक शब्द धरत गेले.’ चहाचा ग्लास तिने खाली ठेवला. ‘दर संडेला माईक माझ्या हातात असतो गं. चाळीस-पन्नास गाणी येतात मला. अन् तिला तिचं एक गाणं अख्खं देता आलं नाही.’

मला काय बोलावं कळेना. आपण तरी वेगळं काय केलंय? माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मला किती येतात? दोन. त्याही अर्ध्या.

गाणं लिस्टमधून काढलं की ते फक्त लिस्टमधून जातं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. जे दर महिन्या-दोन महिन्याला सगळ्यांच्या तोंडून येत नाही, ते पुढच्या पिढीच्या डोक्यात बसतच नाही. आणि ज्यांना वाचता येत नाही किंवा आता नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी स्क्रीनवरचं नवं गाणं म्हणजे बंद दार. त्या रविवारी त्यांनी नुसतं उभं राहायचं. बीटिंग रिट्रीटमधून २०२२ साली ‘अबाइड विथ मी’ काढलं तेव्हा किती चर्चा झाली, आठवतंय? गांधीजींचं आवडतं गीत होतं ते. एका सुराच्या जाण्याने इतक्या लोकांना चुटपुट लागते, तर छोट्या चर्चमधली आजी कुणाला सांगणार?

पण थांबा, गिटारवाल्याचंही ऐका

शनिवारी प्रॅक्टिस पुन्हा लागली, मीही गेले. मैत्रिणीने दवाखान्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली. काका जिंकल्यासारखे बसले होते. तेवढ्यात आयटीवाला हळूच म्हणाला, ‘मीपण एक सांगू?’

हिंजवडीत पहिली नोकरी, नाइट शिफ्ट, रूमवर चौघे, चौघांची भाषा वेगळी. तिथे जवळपास त्याला हिंदीतून प्रार्थना करणारा एक ग्रुप सापडला. ‘काका, मी सहा महिने कुणाशी मराठीत बोललो नव्हतो. ते हिंदी गाणं नसतं ना, तर मी चर्चला जाणंच सोडलं असतं. तुम्हाला ते पिक्चरचं वाटतं. माझ्यासाठी तेच आजीचं गाणं आहे.’

खोलीत शांतता. काकांनी तबल्यावरचा हात काढला. ‘बरं,’ म्हणाले. ‘ते हिंदी राहू द्या. पण त्याला ढोलकी मी लावणार. तो ऑक्टोपॅड बंद!’

आपला लातूरचा पट्टा तसाही एका भाषेत कधी बसलाच नाही. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात. तिकडे बिदर, इकडे तेलंगण, बाजारात दखनी. इथल्या कित्येक घरांतल्या लग्नाला काही पाहुणे कानडी, काही तेलुगू बोलणारे. त्यामुळे ‘फक्त मराठी’ असा हट्ट धरला तर आपलेच अर्धे पाहुणे गप्प बसणार. इंग्रजी-हिंदीच ठेवलं तर आजी गप्प बसणार. कुणाला गप्प करायचं, हे दर शुक्रवारी मैत्रीण ठरवत होती, फक्त तिला ते माहीत नव्हतं.

मग पेटीवर बसून मी माझं काम केलं. भांडणात पट्टीचा विषय कुणी काढलाच नव्हता! यूट्यूबवरची गाणी गायक आपल्या गळ्याला शोभेल अशा उंच पट्टीत गातात. आपली पोरं ती तशीच उचलतात. मग ध्रुवपदाला आख्खं चर्च आकाशाकडे बघून किंचाळतं, नाहीतर गप्प होतं. हिंदी गाणं आम्ही चार पट्ट्या खाली आणलं. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतंच, दाबायला दोन सेकंद. काकांचं ‘स्लो’ गाणंही मुळात स्लो नव्हतं. वर्षानुवर्षं लोकांनी ओढून-ओढून ते रटाळ केलं होतं. ठेका जरा चढता ठेवल्यावर कीबोर्डवाल्याची मान आपोआप हलायला लागली.

तुमची संडे लिस्ट

चर्च असो, भजनी मंडळ असो की सोसायटीचा गणपती, जिथे सगळ्यांनी मिळून गायचं असतं तिथे या टिप्स चालतील.

पट्टी: गाणाऱ्याची नाही, ऐकणाऱ्याची बघा. साध्या गळ्याला एक सप्तक आणि वर एक-दोन सूर एवढंच आरामात जमतं. चाचणी सोपी आहे. सकाळी उठल्या-उठल्या तुम्हाला ते गाता येतंय का? नसेल तर खाली आणा.

नवं किती: एका रविवारी एकच नवं गाणं. आणि ते सलग तीन-चार आठवडे ठेवा. दर वेळी नवं आणलं तर गाणारे पाच आणि प्रेक्षक शंभर!

स्क्रीन बंद: महिन्यातून एक गाणं प्रोजेक्टर बंद ठेवून म्हणा. पाठ कुणाला आहे ते लगेच कळतं. बहुतेक वेळा उत्तर तिसऱ्या रांगेतून येतं.

शब्द: चाल झक्कास आहे म्हणून गाणं घेऊ नका. आधी नुसतं वाचून बघा. मोठ्याने. त्या दिवशीच्या विषयाशी त्याचं काही नातं आहे का?

कॉपीराइट: खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं म्हणायला भारतीय कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही. पण तेच रेकॉर्ड करून चॅनलवर टाकलं तर मामला वेगळा, नव्या गाण्यांसाठी परवानगी बघा. टिळक १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरचा हक्क कधीच संपलाय. त्यांची गीतं बिनधास्त रेकॉर्ड करा.

आणि रविवार

रविवारी मी शेवटच्या बाकावर बसले. पहिलंच गाणं आजीचं. स्क्रीन मुद्दाम बंद. मैत्रिणीने वही घेतली नव्हती. दुसऱ्या कडव्यावर तिचा आवाज थोडा हलला, पण शब्द अडला नाही. पुढच्या रांगांमधल्या बायका डोळे मिटून गात होत्या. तरुण पोरं ध्रुवपद तेवढं धरत होती, कडव्यांना गप्प. ठीक आहे, पहिलाच रविवार होता. नंतर हिंदी गाण्याला उलटं झालं, पोरांनी उचललं आणि म्हाताऱ्या टाळ्या वाजवत राहिल्या. खालच्या पट्टीत दोघी-तिघींनी ध्रुवपद पकडलंसुद्धा! काकांची ढोलकी सगळ्यांत जोरात. सगळं जमलं असं नाही, दानाच्या वेळचं इंग्रजी गाणं चक्क आपटलं.

बाहेर पडताना एक आठवी-नववीतली मुलगी काकांना विचारत होती, ‘ते पहिलं गाणं यूट्यूबवर आहे का हो?’

‘बघावं लागंल. तू असं कर, वही घेऊन ये घरी. लिहून देतो.’

सो, या रविवारचा होमवर्क एकच. तुमच्या घरात कुणाचं तरी ‘माझं ते’ असं एक गाणं असेल. अभंग असेल, ओवी, कव्वाली, चर्चचं गीत, काहीही. ते पूर्ण लिहून घ्या. शेवटच्या कडव्यापर्यंत. आणि पाठ करा. रेंज नसते कधी कधी.